इकडील सर्व क्षेम

माझे यजमान गेले, त्यांना हे ठाऊक नव्हतं. मुलीला ठाऊक नाही. ज्या शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं, तिथे तर कोणाला शंका यायचंही कारण नव्हतं. पत्र कसं लिहावं ते शालिनीबाईंकडून शिकावं, असं तिथे म्हणत. मग तुम्हालाच का सांगते आहे? नीट सांगता येणार नाही. थकले आहे, एवढंच.

शाळेत मी फार कडक होते. निबंधात कोणी ‘आनंदाला पारावार उरला नाही’ असं लिहिलं की मी लाल रेघ मारायची आणि समासात विचारायची — म्हणजे काय झालं? हसलास? उड्या मारल्यास? काय झालं ते लिही. मुलं वैतागायची. सहशिक्षक म्हणायचे, बाईंना साध्या भाषेची आवड आहे. आवड! भाजलेला माणूस चुलीपासून लांब बसतो, ती काय त्याची आवड असते?

पण माझं कुठे भाजलं होतं? भाजलं दुसऱ्याच कोणाचं तरी. तिथे यायला मला वेळ लागतो आहे — लागू द्या.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत सभा, मोर्चे चालले होते ते दिवस. मी वीस वर्षांची. आम्ही गिरगावात मुगभाटात राहायचो, वडील कचेरीत कारकून. मॅट्रिक होऊन मी घरी बसले होते. एका महिला मंडळाने लालबागच्या एका चाळीत, तळमजल्यावरच्या खोलीत, बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग काढला होता. दुपारी दोन ते चार. गिरणीतल्या माणसांचे डबे गेले, भांडी झाली की बायका यायच्या. मी ट्रामने जायची, त्यांना अक्षरं गिरवायला द्यायची आणि वर्ग सुटला की ज्यांना गावी पत्र धाडायचं असेल त्यांची पत्रं लिहायची.

सभा मी सोडत नसे. तिथले शब्द मला चढायचे. घरी येऊन वहीत उतरवायची — रणकंकण, होमकुंड, मायभूमीची हाक. वॉर्डातल्या कार्यकर्त्यांनी एकदोन पत्रकं माझ्याकडून लिहून घेतली, ती छापूनही आली. मग काय! मला वाटायला लागलं, मी लेखिकाच आहे.

वर्गात यशोदा म्हणून एक बाई होती. मालवणकडची. वयाने माझ्याएवढीच, पण दोन बाळंतपणं झालेली आणि दोन्ही मुलं हाती न लागलेली. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर. अक्षरांत तिचं डोकं चालत नसे, ‘क’ आणि ‘फ’ यांत नेहमी गोंधळ. पण बोलायची मात्र नेमकं. चार शब्द, त्यांतला एकही काढता यायचा नाही. हे मला तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा मला वाटायचं, बिचारीला बोलता येत नाही.

तिचा थोरला भाऊ, भिकाजी, गावी शाळामास्तर होता. त्या दिवाळीत तो बहिणीकडे आला आणि एक दिवस आमचा वर्ग पाहायला आला. मी लिहिलेलं पत्रक त्याने भिंतीवर वाचलं आणि म्हणाला, “तुमची भाषा फार ओघवती आहे.” गव्हाळ, उंच माणूस. धुतलेला सदरा. एवढंच वाक्य. पण मी ते घरी नेलं आणि महिनाभर सांभाळलं.

आता लपवून काय उपयोग? तो मला आवडला होता.

त्यानंतरच्या थंडीत यशोदा सातव्या महिन्यात होती. तिच्या नवऱ्याला मोर्चात धरलं आणि तुरुंगात टाकलं. चाळीतले आणखी कितीतरी पुरुष आत होते, त्यामुळे ज्या शेजारणी एरवी बघायला आल्या असत्या त्या स्वतःच्याच विवंचनेत. वर्ग सुटल्यावर यशोदा मागे थांबली, भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, “बाय, दादाक पत्र लिव.”

तिने सांगितलं ते मला अजून शब्दन्‌शब्द पाठ आहे.

“दादा, माजे पाय सुजलेत. डोळ्यांपुढे काळोख येता. घोव तुरुंगात आसा. हंय माजा कोण नाय. तू ये, नायतर आयेक धाड.” आणि मग माझ्याकडे बघून, “येवढाच लिव.”

एवढंच. पोस्टकार्डाच्या अर्ध्या बाजूत मावलं असतं.

पण मी पोस्टकार्ड घेतलं नाही. पाकीट घेतलं, चांगला कागद घेतला. पत्र तो वाचणार होता ना! ‘तीर्थरूप दादांस यशोदेचे कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम.’ हे शेवटचं वाक्य मी विचार करून लिहिलं नाही. नमस्कारानंतर ते यायचंच, हात लिहून मोकळा झाला. समोर ती सुजलेले पाय पसरून बसली होती आणि मी लिहिलं — सर्व क्षेम.

पुढे मात्र विचार करून लिहिलं. नवरा तुरुंगात, हे मला फार उघडंबोडकं वाटलं. मी लिहिलं की मायभूमीच्या हाकेला ओ देऊन ते हसतमुखाने कारागृहात गेले आहेत आणि या वीरपत्नीचा ऊर अभिमानाने भरून आला आहे. पाय सुजलेत — परक्या पुरुषाला पाय लिहायचे? सूज लिहायची? ‘प्रकृती किंचित नाजूक असली तरी मन खंबीर आहे.’ आणि तू ये, नायतर आईला धाड, याचं मी काय केलं? ‘आपणा सर्वांच्या भेटीची ओढ लागून राहिली आहे.’

चार पानं झाली. मला ती फार आवडली.

यशोदा म्हणाली, “वाच बगया.”

हेच ते. इथेच यायचं होतं मला.

मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि तिने सांगितलेलं तिला म्हणून दाखवलं. पाय सुजलेत. डोळ्यांपुढे काळोख येतो. आईला पाठव. कागदावर यातला एक शब्द नव्हता. मी बोटही फिरवत होते ओळींवरून! ती ऐकत होती, मान हलवत होती. मग तिने पानांकडे पाहिलं.

“चार पानां? येवढ्याचीच?”

“माझं अक्षर मोठं आहे,” मी म्हटलं.

का केलं असं? तिला ते चार पानी पत्र कळणार नाही असं वाटलं म्हणून? नाही. तिला कळलं असतं, आणि तिने म्हटलं असतं, ह्या मी नाय सांगलंय. मला परत लिहावं लागलं असतं, पोस्टकार्डावर, आणि माझं पत्र फाडावं लागलं असतं. ते मला नको होतं. आणखी खोल कारण शोधू नका, मी खूप शोधलं आहे.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पत्र वाचून सर्वांना धन्यता वाटली, गावात वाचून दाखवलं, जावयांचा अभिमान वाटतो, तब्येतीस जपावे, मे महिन्याच्या सुट्टीत भेटीस येतो. खाली एक ओळ माझ्यासाठी — पत्र लिहिणाऱ्या भगिनीस नमस्कार, लेखणीत सामर्थ्य आहे. मी ते यशोदेला वाचून दाखवलं. या वेळी खरं वाचलं. फक्त शेवटची ओळ गाळली.

“मे म्हयन्यात?” ती म्हणाली. “आयेचा काय?”

“आईचं काही लिहिलेलं नाही.”

तिचा चेहरा मी पाहिला. लालबागच्या पोस्टातून तार करता आली असती, पाच मिनिटांचं काम. उद्या करू, असं मी मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी हरताळ झाला, दगडफेक झाली, ट्राम बंद, पुढे संचारबंदी. आठवडाभर मला गिरगावाबाहेर पडता आलं नाही, ते खरं आहे. पण आदल्या दिवशी पडता येत होतं, तेही खरं आहे.

त्या आठवड्यात यशोदेला झटके आले. शेजारणींनी तिला खाटेवर घालून इस्पितळात नेलं. ती वाचली. मूल मेलेलं निघालं — मुलगी. आणि यशोदेचा डावा डोळा कायमचा अधू झाला.

मे महिन्यात भिकाजी आला. आंब्यांची करंडी घेऊन आला होता म्हणे. बहिणीने दार उघडलं नाही. आतूनच बोलली, “मी तुका लिवलेलंय. आयेक धाड म्हटलेलंय.” तो दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गावर आला. सदऱ्याच्या खिशात माझं पत्र होतं, घड्या पडून पडून मऊ झालेलं.

“बाई, राग मानू नका,” तो म्हणाला. “ती म्हणते, आईला पाठवायला सांगितलं होतं. पाय सुजल्याचं सांगितलं होतं. यात तर तसं काही नाही.”

मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. त्या क्षणीही ठाऊक होतं.

मी म्हटलं, “तिने सांगितलं तेच मी लिहिलं.”

त्याला हायसं वाटलेलं मी पाहिलं. आपला दोष नव्हता, हे ऐकायलाच तो आला असणार. पत्राची घडी घालत म्हणाला, “मी तेच म्हटलं तिला. आजारात माणसाला भास होतात. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही कशाला...” वाक्य त्याने पुरं केलं नाही.

तो पुन्हा मला कधी भेटला नाही. मला तो नंतर आवडतही नव्हता. त्याला पाहिलं की मला मीच दिसले असते.

भावाबहिणीचं बोलणं तुटलं. यशोदा माहेरी जाईना. आई आजारी पडली तेव्हाही गेली नाही. आई गेली, तेव्हा कोणीतरी गाववाल्याने येऊन सांगितलं. हे मला वर्गातल्या दुसऱ्या बायकांकडून कळत राहिलं, कारण मी वर्गावर जातच होते. शिकवत होते. पत्रंही लिहीत होते — आता पोस्टकार्डावर, सांगतील तसं, शब्दाला शब्द. बायका म्हणायच्या, शालूबाय आमच्याच तोंडचं लिहिते. यशोदा मात्र वर्गाला यायची बंद झाली.

राज्य झालं त्या दिवशी मी लालबागला गेले होते. चाळीचाळींवर दिवे लावलेले, गुलाल उडत होता, ओळख नसलेली माणसं एकमेकांच्या हातावर पेढे ठेवत होती. गर्दीतून यशोदा समोर आली. नवरा बरोबर होता, पण थोडा मागे. तिने एक डोळा बारीक करून मला ओळखलं. माझ्या हातावर पेढा ठेवला आणि हात लगेच सोडला नाही.

“बाय,” ती म्हणाली, “दादा म्हणता ताच खरा आसतला. तुजा लिवणा चुकूचा नाय. माकाच त्या येळाक सांगूक येवक नाय.”

ती माझी समजूत घालत होती. चार वर्षं तिने मनात हे फिरवून फिरवून असं लावून घेतलं होतं — आपणच नीट सांगितलं नसणार. जिला सांगता येत होतं, तिने.

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. आई गेली होती, पण भाऊ होता. एक वाक्य पुरलं असतं — यशोदा, तू बरोबर सांगितलं होतंस, मी लिहिलं नाही. शब्द सगळे सोपे आहेत. दुसरीतलं पोर लिहील.

मी पेढा खाल्ला. “बरं चाललंय ना सगळं?” असं विचारलं. ती “बरां आसा” म्हणाली. मग मी ट्राम धरली आणि घरी आले.