अर्ध्या तासाचा बग

सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. भट्टीचं तापमान दर अर्ध्या तासाने टिपणारा प्रोग्रॅम मी तिथे लिहिला होता, तोही एका अगदी नव्या भाषेत. ती भाषा ओपन सोर्स, म्हणजे जगभरच्या हौशी लोकांनी मिळून फुकट बनवलेली. तिच्यात एखादी चूक, म्हणजे बग, सापडला तर कोणीही कळवावा, जमलं तर दुरुस्तीचा पॅचही पाठवावा. आमच्याकडे तिचं नावसुद्धा कोणी ऐकलं नव्हतं, आणि मला त्याचाच तोरा होता.

प्रोग्रॅम नवा, म्हणून काही दिवस सोबत हाताने रजिस्टरही भरायचं ठरलं. ते क्वालिटीतल्या एक ताई भरायच्या. ताई खर्ड्याकडच्या, तीन वर्षं कंत्राटावर. कायम करायच्या लोकांची यादी त्याच महिन्यात निघणार होती. त्यांचा नवरा दरवर्षी ऊसतोडीला जायचा. आपण कायम झालो की त्याचं ते जाणं बंद करायचं, असं त्यांनी डबा खाताना एकदा सांगितलं होतं.

आठवडाभरात घोळ लक्षात आला. ताईंनी दहा वाजता लिहिलेला आकडा कॉम्प्युटरवर साडेदहाच्या ओळीत दिसायचा. सगळ्याच आकड्यांचं तेच. मी म्हटलं, "ताई, तुम्ही नंतर स्क्रीनवर बघून भरता का? एक ओळ वर सरकलीय."

"न्हाई ओ सर. मी भट्टीम्होरं उभी राहून लिवते," त्या म्हणाल्या. "तुमचा कांपुटर साडेधाला दावतो ते मी धालाच लिवलंय. मी काय जोतिशी हाय व्हय?"

मी हसलो. तिथेच थांबून विचार केला असता तर सगळं उलगडलं असतं. पण आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! मी मॅनेजरना लेखी कळवलं की रजिस्टरमधल्या नोंदी विश्वासार्ह नाहीत. ताईंना मेमो मिळाला. तो त्यांच्या फाईलला लागला.

पुढच्या रविवारी घरी सहज त्या भाषेला सकाळी दहाची आपली वेळ वाचायला दिली. तिने साडेदहा सांगितले. मी पुन्हा दिली, पुन्हा साडेदहा. भाषा बनवणाऱ्यांच्या देशांत घड्याळाचा फरक पुऱ्या तासांचा. आपलं घड्याळ लंडनच्या प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे, पण आपली वेळ त्या वेळेत बदलून साठवताना ती भाषा वरची तीस मिनिटं सरळ टाकून पाचच तास वजा करायची, म्हणून परत दाखवताना प्रत्येक वेळ अर्धा तास पुढची यायची. ताईंचा एकही आकडा चुकलेला नव्हता.

लाज वाटते, पण खरं सांगतो, आधी आनंद झाला. ताई नंतर आठवल्या. मी बग रिपोर्ट लिहिला, पुरावा म्हणून ताईंच्या रजिस्टरमधलं एक पान टंकून जोडलं, आणि पॅच पाठवला. त्या मंडळींची एक रीत आहे. दुरुस्ती करणाऱ्याच्या आधी चूक शोधणाऱ्याचं नाव लिहितात. त्यांनी विचारलं, शोधली कोणी? मी लिहिलं, मीच.

पॅच मंजूर झाला. मी खात्यात पेढे वाटले. ताईंनीही एक घेतला. कारखान्यात मी गुपचूप नवी आवृत्ती चढवली आणि दोन्हीकडचे आकडे तंतोतंत जुळायला लागले. मॅनेजर खूश होऊन म्हणाले, "बघा, मेमो दिल्यावर बाई कशा सरळ आल्या!" मी मान डोलावली. माझा प्रोग्रॅम चुकला होता एवढंच म्हणायचं होतं, ते माझ्याच्याने झालं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती आणि चोर पेढे वाटत होता.

कायम होणाऱ्यांच्या यादीत ताईंचं नाव नव्हतं. कंत्राट संपल्यावर त्या गेल्या.

काही महिन्यांनी माझ्या त्या जुन्या रिपोर्टखाली परदेशातल्या कोणीतरी लिहिलं, "इतकी नेमकी नोंद ठेवणारा माणूस कोण आहे? आमच्याकडे असा एक हवा होता." संध्याकाळी मी तिथेच उत्तर लिहिलं की नोंद आमच्या क्वालिटीतल्या ताईंची, चूक त्यांनीच दाखवली, मी खोटं बोललो. भाषेच्या मंडळींनी माझं श्रेय कापून तसा बदल केला. मॅनेजरना सांगितलं तर ते म्हणाले, "गेलेल्या माणसाचा मेमो काढून आता काय करायचंय?"

मग ताईंना फोन लावला. यंदा त्या नवऱ्याबरोबर बेलापूरच्या बाजूला तोडीवर होत्या. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"मला म्हाईत हुतं, सर," त्या म्हणाल्या. "तुमी पेढं वाटलं, आन् दुसऱ्या दिशी आकडं जुळलं. तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुनाला बोलनार? लिवून तर तुमीच दिल्तं. आता एक करा. आमच्या मालकांना सांगा. त्येंला अजून वाटतंय, माझ्याच हातनं चूक झाली आन् नोकरी गेली. मी लई येळा सांगितलं, पन ते म्हनत्यात, कांपुटर कशाला खोटं बोलंल?"

त्यांनी फोन नवऱ्याकडे दिला. "हां, बोला सायब," तो अदबीने म्हणाला. मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.