शास्त्रात नसलेलं वचन

ते वाक्य मला दुपारच्या झोपेत सुचलं. शनिवार होता. खिडकीतलं ऊन सरकत पायांपर्यंत आलं होतं आणि उद्याचा उपदेश अजून अर्धाच झाला होता. धड झोप नाही, धड जाग नाही, अशा गुंगीत कुठूनसं आलं: ज्या घरात रोज प्रार्थना होते, त्या घरातल्या माणसाला देव अवेळी बोलावत नाही. वा! काय गोड वाक्य! चहाही न घेता मी ते लिहून ठेवलं.

रविवारी चर्चमध्ये पुलपिटावर उभं राहून ते म्हणताना तोंडातून आपसूक निघून गेलं, "शास्त्र म्हणतं." वीस वर्षं पाळक म्हणून काढली की हे दोन शब्द जिभेवर मुक्कामालाच येतात. आमच्या मंडळीत वचनाचा आकडा सांगितला की सगळे पवित्र शास्त्र, म्हणजे आपापलं बायबल, उघडून पडताळून बघतात, पानांची सळसळ होते. त्या दिवशी मी आकडा सांगितलाच नाही. वर पंखे संथ फिरत होते, बायकांचे पदर हलत होते, आणि सगळं चर्च जमिनीपासून जरा वर उचलल्यासारखं मला वाटत होतं. उपासनेनंतर लोकांनी हात हातात घेऊन कौतुक केलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. पुढे ते वाक्य मी आणखी चारदा वापरलं.

ते ऐकणाऱ्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळी मंडळी त्यांना बाईच म्हणायची. त्यांचे यजमान पावसाळ्यात आजारी पडले आणि नाताळच्या आधी गेले. अंत्यविधी मीच केला. त्यानंतर बाई चर्चला येईनाशा झाल्या. दुःखात आहेत, येतील हळूहळू, असं म्हणत मी दोन महिने घालवले. शेवटी एका दुपारी वाघोलीला त्यांच्या फ्लॅटवर गेलो.

टेबलावर पवित्र शास्त्र उघडं होतं, शेजारी लाल पेन्सिल.

"अहो पाळकसाहेब, बरं झालं आलात," बाई म्हणाल्या. "एक वचन सापडत नाहीये. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सगळं दोनदा वाचून झालं. ते हो, देव अवेळी बोलावत नाही म्हणणारं. एखादा दिवस चुकला तर काय, हे पुढे लिहिलंय का, एवढंच बघायचंय."

"कुठला दिवस, बाई?"

"हे दवाखान्यात होते तेव्हा एका मंगळवारी खुर्चीतच माझा डोळा लागला. प्रार्थना राहिली. त्याच आठवड्यात हे गेले. आता चर्चला कुठल्या तोंडाने येऊ?"

जुन्या भाषांतरात असेल, असं म्हटलं की मी सुटलो असतो. आम्हा उपदेशकांना असली उत्तरं मेली चटकन सुचतात. खिडकीबाहेर नव्या इमारतींवर पिवळं ऊन पडलं होतं. क्षणभर वाटलं, हे सगळं स्वप्नच असावं आणि आत्ता मला जाग यावी.

"बाई, ते शास्त्रात नाही," मी म्हणालो. "मी झोपेत रचलं आणि देवाच्या नावावर खपवलं."

जन्मभर पोरांचे कान पिळलेल्या बाई, माझाही पिळला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे माझ्यामुळे नाही गेले हे?"

"नाही हो बाई. नाही."

त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि हुंदके देऊन रडल्या. अंत्यविधीलाही त्या अशा रडल्या नव्हत्या. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग डोळे पुसून त्या वर्गात बोलतात तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "रविवारी हे पुलपिटावरून सांगा. माझ्यासारख्या अजून किती जणी आपला चुकलेला दिवस शोधत बसल्या असतील, कोण जाणे."

"सांगतो, बाई."

"मी येणार आहे ऐकायला. काही गाळू नका."