दार चुकलेलं अपील

केंद्राच्या अपील कोर्टात खिडकीवर कागद घेणाऱ्या कारकुनाला सगळे 'अपीलभाऊ' म्हणत. सव्वीस वर्षांची नोकरी. वकीलसुद्धा त्याला विचारून पाऊल टाकतात, हे तो जेवताना बायकोला हमखास ऐकवायचा.

एकदा एक शिंपीणबाई आल्या. दुकान रिकामं करा, असा निकाल विरुद्ध गेलेला, वकील परवडत नव्हता आणि अपिलाला चारच दिवस उरले होते.

"भाऊ, हे इथेच द्यायचं ना?"

तिथे केंद्राची आणि राज्याची कोर्टं वेगळी. भाडेकरूचा वाद राज्याच्या कायद्यातला; त्याचं अपील रस्त्यापलीकडे, राज्याच्या वरच्या कोर्टात. केंद्राच्या कायद्याचा प्रश्न असेल, तरच या इमारतीत. हे त्याला तोंडपाठ होतं. पण त्या दिवशी त्याने जेमतेम पहिलं पान चाळलं. "इथेच. निर्धास्त जा," म्हणत शिक्का मारला.

दोन महिन्यांनी अपील फेटाळलं: या कोर्टाला अधिकारच नाही. तोवर पलीकडची मुदत उलटून गेली होती. बाई थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत गेल्या; साहेबांनी भाऊला बोलावून घेतलं. "यांनीच सांगितलं होतं."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"आम्ही सल्ला देत नाही, साहेब. मी असं बोललोच नाही."

बाई कागद पिशवीत कोंबून निघून गेल्या.

घरी त्याने ताट अर्धवटच सरकवलं. बायकोने खोदून विचारलं, तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

"चूक कुणाकडूनही होते हो," ती म्हणाली, "पण तुम्ही त्या बाईला खोटं पाडलंत."

दोन दिवसांनी तो दुकानात गेला. बाईंनी मशीन थांबवलं नाही.

"चुकीच्या कोर्टात गेलेले दिवस माफ होऊ शकतात," तो खाली मान घालून म्हणाला. "मी प्रतिज्ञापत्र देतो."

"त्या दिवशी का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"आणि माझी लाज गेली, तिचं काय?"

दुसऱ्याच दिवशी त्याने प्रतिज्ञापत्र करून बाईंना नेऊन दिलं.

राज्याच्या कोर्टात न्यायाधीशांनी त्याचा कागद मोठ्याने वाचला: 'मीच सांगितलं, आणि नंतर नाकारलं.' मागे ओळखीचे वकील बसले होते. त्याचे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

उशीर माफ झाला, अपील दाखल झालं. त्याला कार्यालयाकडून लेखी ताकीद मिळाली. पुढे बाईंचं दुकान वाचलं, हे त्याला एका वकिलाकडून कळलं. भेटून अभिनंदन करावं, असं फार वाटलं. पण त्या गल्लीत पाय ठेवायचं धाडस त्याचं झालं नाही.