बर्फात पुरलेली बाटली

आमच्या घरी मासळी देणाऱ्या हिरकणीला एकाच गोष्टीचा अभिमान होता. तिच्या टोपलीतला मासा कधी नासला नाही. नवरा होडीसकट समुद्रात बुडाला तेव्हा ती पंचविशीची. तेव्हापासून पहाटेच्या गाडीने डहाणूची पापलेटं मुंबईला न्यायची, यात वीस वर्षं खंड नाही.

१९६७ साली माझ्या मुलाला, हरिश्चंद्रला, कॅनडाला जायचं होतं. तिथल्या परवान्यासाठी सोमवारी वैद्यकीय तपासणी होती. आदल्या वर्षी त्याला कावीळ झालेली, म्हणून आमच्या डॉक्टरांनी आधीच्या मंगळवारीच रक्त काढून मुंबईला तपासायला पाठवलं. बाटली हिरकणीने नेली.

बुधवारी रिपोर्टही तिनेच आणला. यकृताचा एक आकडा दुपटीने वाढलेला. काविळीच्या आकड्याच्या जागी नुसती रेघ आणि शेरा: नमुना लाल, मोजता आले नाही. मी बी.ए. झालेली, पण त्या रेघेचा अर्थ मला लागेना. हरिश्चंद्रला उजेडात नेऊन मी पुन्हा पुन्हा त्याचे डोळे बघत होते.

"आई, तू बघून बघूनच ते पिवळे करशील," तो म्हणाला. पण ताटातला भात त्याने तसाच ठेवला.

गुरुवारी डॉक्टर घरी आले. रिपोर्ट वाचून त्यांनी दारात उभ्या हिरकणीला विचारलं, "मावशी, बाटली कशी नेलीत?"

"कशी म्हणजे? बर्फात मीठ टाकून, मधोमध पुरून. नासली असती ना!"

"रक्त बर्फासारखं गोठलं, त्यातल्या पेशी फुटल्या. लाल रंग सगळा वरच्या पाण्यात उतरला, आकडे बिघडले. या कागदावरून पोरगा बराही म्हणता येत नाही, आजारीही नाही."

"माझ्या हातून नासलं?" हिरकणीने विचारलं.

शुक्रवारी पुन्हा रक्त काढलं. डॉक्टरांनी ते साकळू दिलं आणि वरचं पिवळसर पाणी तेवढं वेगळ्या बाटलीत घेतलं; त्यात फुटायला काही नव्हतं. मी ती हिरकणीपुढे धरली.

"परत मला देतेस, बाय? डोकं फिरलंय तुझं?"

"तुझ्याइतकं जपून कोण नेईल?"

ती त्या दिवशी टोपली न घेता गेली. दुपारची गाडी आली, संध्याकाळची आली, ती नाही. दिवे लागल्यावर फाटक वाजलं. तिने पदराची गाठ सोडून पाकीट दिलं. हरिश्चंद्रनेच ते फोडलं.

"काय लिवलंय?" तिने विचारलं.

"दोन्ही आकडे ठीक आहेत, मावशी."

तिने पदराने तोंड पुसलं. "मग उद्या मासळी मागू नका. आज बाजार बुडवलाय मी, उद्याचा माल कशाने घेऊ?"