मधली जागा पाणवठ्याची

मी फळ्यावर एवढं मन लावून काढलेलं चित्र माझ्या वर्गातल्या हिराबाईंनी पदराचा बोळा करून पुसून टाकलं. तेही साताऱ्याच्या मॅडम मागे खुर्चीवर बसलेल्या असताना.

"आवं बाई, कोळ्याचं जाळं काढत्यात व्हय? घरात दिसलं तर आमी केरसुणी घिऊन पळतो."

मॅडम आल्या होत्या आमचा म्हसवडचा बायकांचा वाचनवर्ग तपासायला. नुसती टिपणं बघून बायकांना वाचलेलं सांगता आलं, तर वर्ग राहणार. नाहीतर वडूजच्या वर्गाला जोडणार. आता मेंढरं सोडून वडूजला कोण जातंय?

टिपणांसाठी ट्रेनिंगमध्ये आम्हाला ग्राफिक ऑर्गनायझर शिकवलेले. नाव मोठं, काम साधं: वाचताना मुद्दे चित्रात मांडायचे. त्यातलं एक चित्र कोळ्याच्या जाळ्यासारखं: मध्ये विषय, भोवती मुद्दे. दिसायला झकास, म्हणून मी तेच निवडलं. आणि वाचायला काय, तर शेळी-मेंढीची तुलना करणारं पत्रक!

तुलनेला व्हेन डायग्राम बरा. एकमेकांत थोडी शिरलेली दोन वर्तुळं. वेगळेपण बाजूंना, सारखेपण मध्ये. काढली वर्तुळं. बायकांनी वाचत वाचत दोन्ही बाजू भरल्या. मध्ये कोरं.

"हिराबाई, मध्ये का नाही लिहिलं?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई बा. ही मेंढरं कोंडायची दोन वाडगी हायती. मधी घातली की कळप मिसळला. मग तुजं कोणचं, माजं कोणचं, दिसभर कालवा!"

"माज्या शेळीला लोकर चिकटवून हीच न्हील," शेजारची सखूबाई म्हणाली.

"तुज्या शेळीला दाढी हाय, वळखाया ती बास की!" हिराबाई म्हणाल्या.

वर्ग हसला. मॅडमनी पेन उघडलं.

"बायांनो, मधली जागा पाणवठा धरा," मी म्हणाले. "तिथं दोघींचीही जनावरं येतात का नाही? शेळी-मेंढीत जे सारखं असेल ते तिथं लिहा."

"आसं व्हय! मग आदी सांगायचं की," हिराबाई म्हणाल्या.

दूध, मटण, लेंडीखत, लस. पाणवठ्यावर ही गर्दी!

मॅडमनी पत्रकं गोळा केली. "आता सांगा." हिराबाई वर्तुळांकडे बघत जे सुटल्या, की मॅडमचा चहा गार झाला. मॅडमनी "पुरे, पुरे" म्हटलं तर म्हणतात कशा, "थांबा वो, आजून पाणवठा ऱ्हायलाय!"

वर्ग म्हसवडलाच राहिला. मी शिकले ते एवढंच: आधी पत्रक वाचायचं, मग चित्र निवडायचं. जाळ्याचा धडाही कधीतरी घ्यावा लागेल म्हणा. पण हिराबाई पहिल्याच रांगेत बसतात, आणि पदर त्यांच्या हाताशीच असतो.