तारेला अडकलेला कापूस

मंडळी, जी जुनी शिडाची बोट मी घ्यायला निघालो होतो, तिची डोलकाठी धरून ठेवणारी एक तार बुडाशी तुटत आली आहे. तारांचं काम करणाऱ्या कारागिरानं आज सकाळी रत्नागिरीच्या धक्क्यावर हे मला दाखवलं.

त्याआधी मी स्वतः तारा ओढून पाहिल्या होत्या. माझ्या गावी, सौंसरला, संत्र्याच्या बागेचं कुंपण आम्ही असंच तपासतो. तार ताठ, म्हणजे पक्की.

कारागीर हसला. "काका, कुंपणावर शीड नाही चढवत." त्यानं कापसाचा बोळा तारेवरून खाली फिरवला. बुडाशी तंतू अडकले. तिथले बारीक पदर तुटले होते, डोळ्यांना न दिसणारे. घरी जन्मभर कापूस पिकवला, पण हा उपयोग ठाऊक नव्हता.

"तार बदलता येते. पण डोलकाठीचा माथा पाहिल्याशिवाय बोट घेऊ नका. मी वर चढतो. मला पेलणारे दोन दोर खाली धरायला दोन माणसं लागतील. तुम्ही, आणि?"

अशी बोट मी आणि माझी बायको सुमन मिळून घेणार होतो. ती जाऊन वर्ष झालं. मी पांढुर्ण्याला धाकट्या भावाला फोन लावला.

"दादा, इकडं कापूस वेचणं चालू हाय अन् तू जहाज घेऊन राहिला? जाम नदीत चालव ना!"

त्यानं हसत फोन ठेवला. मला दुसरा नंबर सुचला नाही.

कारागीर परवा सकाळी पुन्हा येईल. एक दोर मी धरीन. दुसरा धरायला हे वाचणाऱ्यांपैकी, रत्नागिरीच्या आसपासचं कोणी येईल का? नाही आलं, तर बोट सोडून परवाच्याच गाडीनं मी परतेन.