उघड्या दारातलं लग्न

सोलांज गाबोरी लुआर नदीकाठच्या त्या गावातल्या सिनेमागृहात कामाला होती. हातातल्या बॅटरीच्या उजेडात लोकांना जागेवर नेऊन बसवायचं, एवढंच तिचं काम. चोवीस वर्षांची झाली तरी आवाज कधी चढला नाही. घरी तो चढवायची सोयच नव्हती. आई लहानपणी गेलेली, आणि बाप अँसेल्म दारूची लाकडी पिंपं बनवायचा. त्याच्या हातोड्याच्या ठोक्यांवरून आज घरात बोलावं की नाही, हे तिला कळायचं.

अँसेल्मने तिच्यासाठी द्राक्षमळेवाल्याचा मुलगा फिर्मँ ठरवून टाकला होता. तिचं मन मात्र वरच्या खोलीत प्रोजेक्टर चालवणाऱ्या ल्युसियँवर. मार्च १९५४मध्ये दोघांनी बापाला न सांगता नगरपालिकेत नावं दिली. कायद्याप्रमाणे ती नावं दहा दिवस नगरपालिकेच्या दाराशेजारच्या काचेच्या पेटीत लागली, सगळ्यांना वाचता यावीत म्हणून. बाप तिकडे कधी फिरकत नसे, पण गावाला तोंड होतंच.

दहा दिवस हातोडा एका लयीत चालला. बाप काही बोलला नाही, आणि तेच तिला सहन होईना.

त्यात त्याच आठवड्यात एक विनोदी सिनेमा लागला होता. त्यातला बाप भर लग्नात घुसून मुलीला हाताला धरून ओढत नेतो. लोक हसून हसून खुर्च्या हलवत. सोलांज मागच्या भिंतीला टेकून उभी राही, बॅटरी विझवून.

शनिवारी सकाळी नगरपालिकेच्या सभागृहात मेयर, कारकून, आणि साक्षीला ल्युसियँची बहीण इव्हेत व तिचा नवरा, एवढीच माणसं होती. गार वारा आत येत होता, म्हणून इव्हेतने दार लोटलं. दहा दिवसांत सोलांजने पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

मेयर लग्नाची कलमं वाचता वाचता थांबले. "बाई, ते दार उघडा. बंद दाराआड लग्न लागत नाही. कुणाला हरकत घ्यायची असेल, तर आत येता आलं पाहिजे."

"हरकत फक्त थंडीची आहे, मेयरसाहेब," इव्हेतचा नवरा म्हणाला.

इव्हेतने दार पुन्हा उघडलं. कुणी हसायच्या आत दगडी पायऱ्यांवर बूट वाजले. ते पाऊल सोलांजला झोपेतही ओळखू आलं असतं.

अँसेल्म उंबऱ्यात उभा राहिला. डोक्यावर टोपी, अंगावर कामाचाच कातडी अंगरखा.

"गाबोरी, काही म्हणायचंय?" मेयरांनी विचारलं.

त्याने ल्युसियँला आपादमस्तक न्याहाळलं. "याला अंधारात बसण्यापलीकडे काय येतं, ते विचारतोय."

ल्युसियँने तोंड उघडलं, पण सोलांजच आधी बोलली.

"बाबा, मला तुमची भीती वाटते. आत्ताही वाटतेय. तरी मी याला हो म्हणणार आहे."

कारकुनाने टाक दौतीत बुडवून तसाच धरला होता.

"हरकत नाही माझी," अखेर अँसेल्म म्हणाला. "पण जेवायला माझी वाट पाहू नका."

तो वळला आणि पायऱ्या उतरून गेला. मेयरांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. सोलांजने हो म्हटलं, सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं. दुपारी इव्हेतच्या घरी टेबलाच्या टोकाला तिने एक ताट वाढून ठेवलं. ते तसंच राहिलं.